सरांच्या कॉलरवरून

मी कॉलर माईक. शेंगदाण्याएवढा जीव, शर्टाला चिमट्यानं अडकवायचा. साऊंडवाल्या नजीरभाईंनी मला नांदेडहून लातूरला आणलं, आणि तेव्हापासून माझं सगळं आयुष्य रेणुकादास सरांच्या छातीवर गेलं.

सर क्लास चालवतात आणि रविवारी पालक मेळावे घेतात. विषय एकच, 'मुलांना मनासारखं शिकू द्या.' "मार्क म्हणजे लेकरू नव्हे," या वाक्याला त्यांचा गळा दाटतो आणि बाया डोळ्यांना पदर लावतात. पहिल्या वर्षी मलाही गहिवरून यायचं. पुढे कळलं, गळा दर वेळी त्याच वाक्याला दाटतो.

एका रविवारी भाषण संपवून सर मंचामागे गेले. मला बंद करायचं राहून गेलं, आणि नजीरभाई जनरेटर बघायला बाहेर गेलेले. मागे सरांचा मुलगा आलोक उभा होता. आदल्याच दिवशी त्याचा नीटचा निकाल लागला होता, दुसऱ्यांदा कमी मार्कांचा.

"पप्पा, मला मेडिकल नको. भूगोल घेऊन बी.ए. करतो."

"गप बस. तिसऱ्यांदा बसायचं. तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."

"पण आत्ता तुम्हीच तर सांगत होता..."

"ते लोकांच्या लेकरांसाठी असतंय!"

मी शब्दन् शब्द हॉलभर पोचवला. माझं कामच ते. सगळे स्पीकरकडे बघू लागले. मला वाटलं, आता लोक उठतील, जाब विचारतील. तेवढ्यात एक बाप शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाला, "बघ, सर घरी किती कडक हायेत. उगंच न्हाई लई नाव त्यांचं." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मला माणसांची किळस आली.

आलोक तिसऱ्यांदा अभ्यासाला बसला. आता मेळावे लातूरजवळच्या चाकूरला, मुरुडलाही होतात आणि सर त्यालाही नेतात. मंचावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "मी याच्यावर कधी सक्ती केली नाही." आलोक मान हलवतो. टाळ्या पडतात. खाली उतरताना सर आठवणीनं माझं बटण बंद करतात. त्यांच्यात सुधारणा झाली ती एवढीच.

नजीरभाई, माझा चिमटा सैल झालाय, लवकरच मी भंगारात जाईन. त्याआधी एकदा भर मेळाव्यात मला सरांच्या शर्टावरून काढा, त्या पोराच्या कॉलरला लावा आणि आवाज वाढवा. मग सर काय म्हणतात ते नाही, तो काय म्हणतो ते लोकांना ऐकू द्या.