गणंग

सहदेवने वाल चिमटीत दाबला, तसा तो सालीतून सुटकन निसटला आणि थेट ओट्याखाली गेला. "अरे तुझ्या!" म्हणत त्याने गुडघे टेकले. लिफ्टच्या मोटारी उघडून परत बसवणारा हा गडी, पण वाल सोलायला बसला की त्याचे अंगठे ऐकेनासे होत. त्याची बायको राधा हेच काम टीव्ही बघत करायची.

रविवारची सकाळ होती. लेक अपूर्वा अजून झोपली होती. चहाचं आधण ठेवताना त्याला ओट्याच्या कोपऱ्यात ओल्या फडक्यात बांधलेले वाल दिसले होते, चांगले मोड आलेले. शेजारच्या विमलावहिनींनी ठेवले असणार, असं त्याने धरूनच टाकलं. राधा परदेशी गेल्यापासून त्या येता-जाता काही ना काही ठेवून जायच्या. मोडांचा तो उग्र ओला वास नाकात शिरला आणि त्याला राधाची इतकी आठवण झाली, की चहा तसाच राहिला.

राधा दोन वर्षांमागे मस्कतला गेली होती, एका मराठी कुटुंबाचं तान्हं बाळ सांभाळायला. या दिवाळीला ती कायमची परत यायची होती. काल मात्र फोनवर म्हणाली, "आणखी एक वर्ष थांब म्हणतायत. बाळ माझ्याशिवाय झोपत नाही हो. मी थांबते म्हटलंय. अपूला तुम्हीच सांगा, मला नाही जमणार."

जमणार तर सहदेवलाही नव्हतं. अपूच्या पोटात तिच्या आईच्या पद्धतीचं वालाचं बिरडं गेलं की सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि सोलायला बसला.

भिजूनही खड्यासारखे राहिलेले चार दाणे त्याने वेगळे काढले. राधा त्यांना गणंग म्हणायची. कितीही भिजवा, कितीही शिजवा, ते आपले टणकच. ती ते मुठीत घेऊन खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीत भिरकावून द्यायची. तिथली तुळस ती गेल्यावर वाळून गेली होती. वर पत्रा असल्याने पावसाचा थेंबही तिथे पोचत नसे. सहदेवनेही हातातले दाणे तसेच भिरकावले आणि कांदा चिरायला घेतला.

बिरड्याला उकळी फुटली तेव्हा अपूर्वा डोळे चोळत आली. तिने ओट्याचा कोपरा पाहिला.

"पप्पा, माझे वाल कुठायत?"

"तुझे?"

"फडक्यात ठेवलेले. उद्या शाळेत न्यायचेत. सुलक्षणाबाई म्हणाल्या, मोड आलेली बी आणा, मग कुंडीत लावू."

सहदेवने पातेल्याकडे पाहिलं. अपूर्वानेही पाहिलं.

"मला वाटलं, वहिनींनी ठेवलेत..."

"सगळे शिजवले?"

"दुसरे आणू ना. आत्ता जातो मार्केटला."

"ते आईच्या बरणीतले होते! शेवटचे!" तिचा आवाज चिरकला. "आई यायच्या आत मला तिच्याच वालाच्या शेंगा करून दाखवायच्या होत्या. तू वाट लावलीस सगळी!"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. सहदेवच्या हातातला डाव तसाच राहिला. लेकीसाठी म्हणून केलेलं पातेलंभर बिरडं त्याला बघवेना. मग एकदम त्याला आठवलं.

"अपू, ऊठ. सगळे नाही शिजवले. चार गणंग टाकलेत कुंडीत."

दोघं खिडकीशी गेली. त्याने मातीत बोट घातलं. माती ओली होती.

"पाणी कोणी घातलं?"

"मीच. रोज घालते. बाई म्हणाल्या, माती आधी मऊ करून ठेवा."

त्याने दोन दाणे वेचून तिच्या तळहातावर ठेवले. ती उरलेले शोधत असताना तुळशीच्या वाळक्या खोडामागे थांबली. तिथे एक फिकट हिरवा कोंब मान वाकवून वर आला होता आणि त्याच्या डोक्यावर उकललेला दाणा होता.

"पप्पा, हा उगवलापण!"

"मी तर आत्ता टाकले."

"मग हा कोणाचा?"

सहदेवला कळलं होतं.

"आईचा. ती पण इथेच टाकायची."

अपूर्वा कोंबाला हात न लावता कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "दिवाळीपर्यंत शेंगा धरतील ना रे? आई यायच्या आत?"

हो म्हणून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"शेंगा धरतील," तो म्हणाला. "आई नाही यायची, अपू. अजून एक वर्ष थांबतेय ती."

अपूर्वा रडली नाही. कोंबाभोवतीची माती तिने बोटांनी हळूहळू चेपली. आत बिरडं खाली लागत होतं, त्याचा वास यायला लागला.

"मग शेंगा तोडायच्या नाहीत," ती म्हणाली. "वेलावरच वाळू द्यायच्या. बाईंनी फळ्यावर गोल काढून दाखवलंय. शेंग वाळली की तिच्यातच पुढचं बी असतं. ते परत लावायचं."

"लावू."

"पण असं किती वेळा लावायचं, ते तू तिला विचार."

सहदेवने मोबाइल काढला. कोंबाचा फोटो घेतला, त्यात अपूचं मातीने भरलेलं बोटही आलं. तो राधाला पाठवला आणि खाली अपूचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला.