वाचलेली दोन मिनिटं

ओट्यावरचं झाकण घरंगळत खाली पडलं आणि मी श्वास रोखून बसले. लेकीने नुसती कूस बदलली. तिची दुपारची झोप हेच माझं ऑफिस. ती उठली की टाळं.

मांडीवर लॅपटॉप, त्यात नवा रस्ता. बांधण्याआधी त्याचा नफा-तोटा मांडून द्यायचा, हे माझं काम. रस्ता सरळ नेला तर लेकीच्या शाळेमागची झाडं जातात, आणि वर्गाच्या खिडक्यांखालून ट्रक धावतात. वळसा घातला तर सगळं राहतं. पण आमच्याकडे झाड मोजतात लाकडाच्या भावाने, आणि आवाज मोजतात खिडक्या बंद आहेत असं धरून. एवढ्याशा पोरांना कोंडून कोण शिकवतं?

म्हणून या वेळी मी खिडक्या उघड्या धरल्या. धूळ धरली, खोकले धरले, झाडांची सावलीसुद्धा पैशांत बसवली. लेकीला भरवता भरवता, तिचे कपडे वाळत घालता घालता डोक्यात हेच चालू होतं.

ऑफिसातल्या मोठ्या मॅडमचा फोन आला तशी मी मोबाईल घेऊन बाथरूमकडे पळाले.

"अगं, सावलीचाही भाव लावलास की!" त्या हसल्या.

"खोडू नका ना मॅडम. खोटं नाहीये त्यात काही."

"खोडतंय कोण? जसंच्या तसं ठेवलंय सगळं."

वाचली शाळा, वाटलं.

"पण रस्ता सरळच जातो गं," त्या म्हणाल्या. "वळशाने प्रत्येकाची दोन मिनिटं जास्त जातात. एकट्याची दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण रोजच्या सगळ्या गाड्या धर, पुढची कितीतरी वर्षं धर, आणि त्या मिनिटांचे पैसे कर. तुझी शाळा त्यात कुठे दिसतच नाही बघ."

"माझा हिशेब चुकलाय का कुठे?"

"छे! इतकं चोख काम कोणी केलं नव्हतं. उद्या सही करून टाक."

त्यांनी माझा आकडा फेकून दिला असता तर मी भांडले असते, ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांनी तो मान देऊन आत घेतला होता. बेरीज मी तिथेच, बादलीवर बसून, दोन मिनिटं, दोन मिनिटं असं पुटपुटत पुन्हा केली. बरोबर होती. मग आणखी एकदा केली.

दारात लेक उभी होती. गालावर उशीचे वळ, केस विस्कटलेले.

"आई, कोणाची दोन मिनिटं?"

"गाडीतल्या लोकांची, बाळा. तुमच्या शाळेमागून सरळ रस्ता गेला की वाचणार आहेत त्यांची."

"आमची झाडं तोडून?"

मी मान डोलावली. तिला जवळ ओढलं. झोपेने ती अजून ऊन ऊन होती. ती बराच वेळ माझ्या गळ्यातल्या साखळीशी खेळत राहिली.

"मग त्या दोन मिनिटांचं ते काय करणार, आई?"