चिठ्ठीवरची वाइन

आमच्या तळघरात एक नियम आहे. आधी चाखायचं, मग चिठ्ठीवर लिहायचं आणि तोंड सगळ्यात शेवटी उघडायचं. जो आधी बोलतो तो दुसऱ्याची जीभ बिघडवतो, असं माझा नवरा म्हणायचा. त्याच्या हातची शेवटची लाल वाइन बाटल्यांत भरली आणि महिन्याभरात तो गेला. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून दर वर्षी मी आणि धाकटा दीर त्यातली एक बाटली उघडतो आणि ठरवतो, विकायला काढायची की अजून मुरू द्यायची.

मी तशी फटकळ. द्राक्षवाले मला वचकून असतात. पण त्या चिठ्ठीवर मी गेली तीन वर्षं धडधडीत खोटं लिहीत आले होते. तीन वर्षांपूर्वी वाइन अगदी जमून आली होती. तुरटपणा मऊ झालेला, वासात अजून फळ शाबूत. काढायची तीच वेळ होती. पण बाटलीचं काढलेलं बूच भाऊजींनी पुसून जपून खिशात ठेवलं. भावाचं एवढंच उरलंय, तेही बाजारात पाठवलं तर हा माणूस मोडून पडेल, असं मला वाटलं. लिहिलं, ‘अजून थांबावं.’ त्यांच्या चिठ्ठीतही तेच निघालं. मग दर वर्षी तेच.

या वेळी बुचाचा भुगा झाला. वाइन गाळून ओतली, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. कडेचा रंग विटकरी. फळाचा वास नावालाही नाही, नुसता ओला पाचोळा आणि मागून व्हिनेगरची बारीक झणक. घोट घेतला, तर आंबट, पाणचट.

या वेळी मात्र मी खरं लिहिलं. ‘गेली. आपण उशीर केला.’

मान वर केली तेव्हा भाऊजी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढत होते. एरवी मी वर बघतच नसे, आपल्याच खोट्यात मान घालून लिहायचे.

“घरूनच लिहून आणलीत?”

ते ओशाळले. “मागची दोन वर्षंही तशीच आणली, वहिनी.”

मी उघडली. ‘अजून थांबावं.’

“म्हणजे वाइन काढायची वेळ झालीय, हे तुम्हाला कळलं होतं?”

“तीन वर्षांपूर्वीच. पण दादाची वाइन संपली की तुमच्याजवळ काय राहणार, असं वाटलं. चाखल्यावर खोटं लिहायला हात रेटेना, म्हणून आधीच लिहायला लागलो.”

मला असा संताप आला म्हणता, की ग्लासच भिंतीवर फेकावा.

“अहो, मी तुमच्यासाठी खोटं लिहीत होते.”

एकमेकांना जपण्यात आम्ही चारशे बाटल्या हातच्या घालवल्या होत्या. चिठ्ठीवर खरं लिहा, हे वेगळं सांगावं लागेल असं नियम घालून देणाऱ्या माझ्या बिचाऱ्या नवऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते. पिंपं भरलेली होती, कामं तुंबली होती, आणि पुढे ते राहूनच गेलं. आज मात्र टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत रडले. भाऊजी घाबरले. दादाची आठवण आली का, म्हणाले.

“नाही हो,” मी म्हटलं, “वाइन किती चांगली होती.”

त्यांनी रुमाल पुढे केला. “दादाला हेच जास्त आवडलं असतं.”