डबा रिकामा द्यायचा नसतो

पहिलं हसू परत आलं ते रविवारी सकाळी, स्टीलच्या डब्यात, वरून रुमाल बांधून. घेऊन आले होते बबनराव खुस्पे, मुरलीधर ढमढेरेचे झब्बे शिवणारे शिंपी. ते दारातच उभे राहिले, चपला काढल्या नाहीत, आणि डबा पुढे करून म्हणाले, "हे तुमचं. शुक्रवारच्या कार्यक्रमात हसलो होतो, त्यातलं. माझं स्वतःचं काही म्हणणं नाही, पण आता घरात ठेवता येत नाही."

मुरलीधरने डबा हातात घेतला. कोमट होता. झाकण किलकिलं केल्याबरोबर आतून खुस्प्यांचं हसू, ते नाकातून सुरू होऊन खोकल्यावर संपणारं, बाहेर पडलं आणि पंख्याच्या दांडीवर जाऊन बसलं.

"डबा तेवढा परत द्या," खुस्पे म्हणाले. "हिच्या माहेरचा आहे."

तेवढ्यात मुरलीधरची बायको वैजयंती स्वयंपाकघरातून आली. तिने डबा विसळला, पुसला आणि मूठभर साखर घालून खुस्प्यांच्या हातात दिला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिच्या हातांना इतकं ठाऊक होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. खुस्पे ओशाळले, थँक्यू म्हणाले आणि जिना उतरले. खाली फाटकाशी माणसं जमली होतीच. वरती हसू परत घेतात आणि वर साखरही देतात, ही बातमी गावभर व्हायला फार वेळ लागला नाही.

ज्या विनोदामुळे हे सगळं झालं तो तसा साधा होता. मुरलीधर रंगमंचावर एकटा उभा राहून गावच्या गमती सांगायचा. शुक्रवारी त्याने सांगितलं, "आपल्या गावात कुणी गेलं की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. परवा एक लागला. त्यावर हे एवढे फोटो! कुणी गॉगल लावलेला, कुणी कानाला मोबाइल, कुणी हात जोडून. मी चष्मा पुसून पुसून पाहिलं, पण गेलंय कोण ते काही कळेना. म्हटलं, उगाच कुणी रुसायला नको. सगळ्यांनाच श्रद्धांजली वाहिली आणि घरी आलो."

नाट्यगृह हसून हसून बेजार झालं. माणसं खुर्चीतून घसरली. पण शनिवारी उजाडताच फ्लेक्सवरच्या फोटोवाल्यांच्या लक्षात आलं की आपण जिवंत आहोत आणि आपल्याला श्रद्धांजली वाहिली गेली आहे. त्या फोटोंत मधोमध, सगळ्यांत मोठा, भाऊसाहेब गुळव्यांचा होता. गुळव्यांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नाही. दुपारपर्यंत दुकानं बंद झाली. संध्याकाळी असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं ते कळलं नाही पण ठरलं, की ज्याच्या घरात ते हसू सापडेल तोही त्यातलाच.

आणि हसलं तर सगळं गाव होतं.

खुस्प्यांच्या मागोमाग जिन्यावर रांग लागली. जेवणाचे डबे आले, आइस्क्रीमचे रिकामे डबे आले, पेढ्यांची खोकी आली. एका बाईंनी लाजत लाजत हळदी-कुंकवाच्या करंड्यात आणलं होतं. मुरलीधरच्या संरक्षणासाठी फाटकावर बसवलेला हवालदार टोपी काखेत धरून वर आला आणि म्हणाला, "बंदोबस्तावर होतो शुक्रवारी. वर्दीत असताना आलं म्हणजे माझं धरत नाहीत, पण नको. ठेवून घ्या." त्याचं हसू चांगलं दणदणीत निघालं. ते सोफ्यावर बसलं आणि मग सोफ्यावर दुसऱ्या कुणाला जागा राहिली नाही.

खालच्या मजल्यावरच्या इंगवले काकू दोन डबे घेऊन आल्या.

"वैजू, माझं लई झालंतं गं," त्या म्हणाल्या. "प्वाट दुखंस्तवर हसले व्हते. सून म्हनली, आत्या, ह्यांच्या नोकरीचं हाय, आत्ताच्या आत्ता देऊन या. तुझ्यावर राग न्हाई बाई माझा."

"असू दे काकू," वैजयंती म्हणाली आणि दोन्ही डब्यांत शेंगदाणे घातले.

दुपारपर्यंत घर भरलं. हसणी कपाटावर होती, पलंगाखाली होती, पडद्यांच्या चुण्यांत होती. त्रास देत नव्हती. नुसती बसून होती, तिकीट काढून आलेल्या माणसांसारखी, मुरलीधरच्या तोंडाकडे पाहत. नवरा-बायकोला आता अंग चोरून चालावं लागत होतं. भिंतीही जरा जवळ आल्या होत्या. खालची गर्दी वाढत होती आणि ती इमारतीला टेकून उभी होती, त्यामुळे असेल.

"माफी मागून टाका," वैजयंती म्हणाली. "काय जातंय?"

मुरलीधरला ते पटलं. हट्ट धरण्याइतका तो शूर नव्हता, आणि शूर असल्याचं त्याने कधी सांगितलंही नव्हतं. तो गॅलरीत गेला. खाली डोकीच डोकी. त्याने हात जोडले.

"माझ्या बोलण्यामुळे कुणाचं मन दुखावलं असेल," तो म्हणाला, आणि श्वास घ्यायला थांबला.

पाठीमागून सगळं घर हसलं. खुस्पे हसले, हवालदार हसला, इंगवले काकू पोट धरून हसल्या. शुक्रवारचं अख्खं नाट्यगृह गॅलरीच्या दारातून बाहेर पडून खालच्या माणसांच्या डोक्यावर आदळलं. खाली त्याच माणसांनी दगड उचलले.

"बघा, माफी मागताना पण हसवतोय!" कुणीतरी ओरडलं.

मुरलीधरने पुन्हा सुरुवात केली. हसणी पुन्हा आली. तो जिथे थांबे तिथे ती येत होती, आणि न थांबता बोलणं त्याला येत नव्हतं, इतक्या वर्षांत जिभेला वळणच तसं पडलं होतं. एकदा त्याने सगळं वाक्य एका दमात म्हणून पाहिलं. शेवटी धाप लागली, तर धापेला टाळ्या पडल्या. एक दगड कुंडीवर येऊन बसला. मुरलीधर आत आला आणि त्याने गॅलरीचं दार लावून घेतलं.

"आता?" तो म्हणाला. हसणी खुदखुदली.

"तुम्ही बोलू नका," वैजयंती म्हणाली.

बेल वाजतच होती. साखर संपली, शेंगदाणे संपले, गूळ, पोहे, तांदूळ संपले. शेवटी मोहरीसुद्धा चिमूट चिमूट देऊन झाली. मग एक मोठा कडीचा डबा आला. तो हातात धरून वैजयंती गॅससमोर उभी राहिली. रिकामा कसा द्यायचा? तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तिने चटकन डबा वर धरला, शिट्टी त्यात घेतली आणि झाकण लावलं. ज्यांचा डबा होता त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला आणि समाधानाने गेले. कुकर पुन्हा वाजला नाही. नुसती वाफ सोडत राहिला.

त्यानंतर नळाची टिपटिप गेली. मिक्सरची घरघर गेली. बाथरूमच्या दाराची करकर, स्कूटरची किक, देवघरातली घंटा, सगळं एकेका डब्यातून जिना उतरून गेलं. मुरलीधरचं घोरणंही गेलं. ते देताना वैजयंतीने त्याला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. बेलचा आवाज दिल्यावर लोक दार ठोठावू लागले. तिने ते ठोठावणंही दिलं, तेव्हापासून दार उघडंच ठेवावं लागलं.

मग तिने स्वतःचं द्यायला सुरुवात केली. आधी बांगड्यांचा आवाज. मग पावलांचा. ती घरात कुठे आहे ते मुरलीधरला आता कळेना. मागे वळावं तर ती तिथेच उभी, हात पुसत. तो दर वेळी दचकत होता. आणि एका आइस्क्रीमच्या डब्यात तिने तिचं "अहो" घालून दिलं.

मुरलीधरला ते डबा जिना उतरून गेल्यावर कळलं. ती त्याला हाक मारायला तोंड उघडत होती आणि तिथे काहीच येत नव्हतं.

"आधी विचारायचंस तरी," तो म्हणाला. या वेळी हसणी हसली नाहीत. कदाचित त्यांना कळलं नसेल.

"दुसरं काही उरलं नव्हतं," ती म्हणाली.

तो तिच्यापाशी जमिनीवर बसला. त्याला रडू येत होतं. पहिला विनोद त्याने हिच्यासाठीच रचला होता, लग्न ठरवताना, चहाचा कप हातात असताना. ती हसली होती आणि त्या हसण्यामागे तो इतकी वर्षं चालत आला होता. आजही नवीन काही सुचलं की तो आधी स्वयंपाकघरात येऊन तिला सांगायचा. ती हसली तर ते रंगमंचावर जायचं, नाही हसली तर राहायचं. फ्लेक्सच्या विनोदालाही ती भाकरी थापताना हसली होती.

खाली एकदम शांत झालं. जिन्यावर बुटांचा आवाज आला, दारापाशी थांबला. दिवसभरात आलेल्या माणसांत बूट काढून, ते नीट जोडीने ठेवून आत येणारे भाऊसाहेब गुळवे एकटेच होते. हसण्यांनी सरकून त्यांना जागा करून दिली. त्यांनी खिशातून पानाची पितळी डबी काढली आणि उघडली. आतून अगदी लहानसं हसू निघालं, ओठ न उघडता हसलेलं.

"माझं एवढंच," भाऊसाहेब म्हणाले. "पुढच्या रांगेत होतो. जास्त हसता येत नव्हतं."

मुरलीधर त्या हसण्याकडे पाहत राहिला. लाज वाटायला हवी होती, पण त्याला बरं वाटलं.

"आवडला होता तुम्हाला?" त्याने विचारलं.

"आवडला म्हणून तर आलोय." भाऊसाहेबांनी डबी रुमालाने आतून पुसली. "खालची माणसं मी सांगितलं की जातील. उद्या दुकानं उघडतील. तुम्ही कार्यक्रमही करा, माझी ना नाही. फक्त तुमच्याकडे डबा रिकामा देत नाहीत असं ऐकलंय."

"घरात काही राहिलं नाही, भाऊसाहेब," वैजयंती म्हणाली.

"आहे ना, वहिनी. तुमचं हसू. तुम्ही हसल्याशिवाय हे पुढे काही आणत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमात स्वतःच सांगतात. तेवढं माझ्याकडे राहिलं म्हणजे पुन्हा असं व्हायचं नाही."

"आणि मग ती?" मुरलीधर म्हणाला.

"मग काय? पुष्कळ घरांत बायका हसत नाहीत. संसार चालतात."

हे त्यांनी अगदी मायेने सांगितलं. त्यात धमकी नव्हती, आणि त्यामुळेच मुरलीधर वैजयंतीच्या आणखी जवळ सरकला. त्याने खिडकीकडे पाहिलं. गर्दी टेकल्यामुळे भिंत आणखी आत आली होती, पलंगाचे पाय तिरके झाले होते. नाही म्हटलं तर भाऊसाहेबांना फक्त खाली जाऊन रिकामी डबी उघडून दाखवायची होती.

"कसं घ्यायचं?" वैजयंतीने विचारलं.

"हे सांगतील विनोद. डबी मी धरतो."

वैजयंती स्टुलावर बसली. भाऊसाहेब समोर उकिडवे बसले आणि तापातल्या पोराला ओकारीसाठी भांडं धरावं तशी डबी त्यांनी तिच्या हनुवटीखाली धरली. तिने ओठ घट्ट मिटले. मग मुरलीधरकडे पाहिलं. हाक मारायला तिच्याकडे काही नव्हतं, पण डोळ्यांनी ती काय सांगतेय ते त्याला कळलं. मला हसवू नका.

सांगायचं तर होतंच, पण वाईट सांगता आलं असतं. वाईट सांगणं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्याने शेवटापासून सुरुवात केली.

"तर मी सगळ्यांनाच श्रद्धांजली वाहिली," तो म्हणाला. "म्हणजे त्याआधी मी चौकात गेलो होतो. चौक म्हणजे आपला बाजारातला. फ्लेक्स लागला होता. फ्लेक्स म्हणजे ते कापडाचं, प्लास्टिकचं असतं ते. त्यावर फोटो होते. म्हणजे यात गंमत अशी आहे बघा, की फोटो जरा जास्त होते."

घरातली सगळी हसणी गप्प झाली. पंख्यावरचं खुस्प्यांचं हसू गोंधळून खाली वाकलं. मुरलीधरच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण जमत होतं. वैजयंतीचा चेहरा दगडासारखा होता. इतकं वाईट त्याने कुणाला सांगताना ऐकलं नव्हतं.

"गॉगल पण होते," तो रेटत म्हणाला. "मग मी पाहिलं. आणि मग... गेलं कोण होतं?"

हे त्याने खरंच विचारलं. पुढचं तो विसरला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "आधी तुम्ही चष्मा पुसता," ते म्हणाले. "मग विचारता. चष्मा राहिला."

"हो," मुरलीधर म्हणाला. "चष्मा राहिला."

"पुसा," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले.

मुरलीधरने डोळ्यांना हात लावला. चष्मा नव्हताच, तो नुसती बोटं पुसत राहिला.

वैजयंतीने पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलू लागले. पदराच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि ते पाण्याने काठोकाठ भरले होते.

"वैजू," मुरलीधर म्हणाला. "वैजू, नको."

खांदे हलतच होते. भाऊसाहेबांनी डबी अलगद पदराखाली सरकवली आणि वाट पाहू लागले.