दार कोणी उघडलं

सरकारनं एका सहीत त्या ठेकेदाराला माफी दिली, तेव्हा मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होते. टीव्हीवर तो तुरुंगातून बाहेर येताना दिसला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. माझ्या हाताखालची चादर करपली.

ह्यांच्या डोक्यात लोखंडी कांब घातली ती ह्याच माणसानं. निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून जमाव मतपेट्यांच्या इमारतीवर चालून गेला, आणि मागच्या दाराशी पहाऱ्याला हे होते. जीव वाचला, एवढंच. आता नावं आठवत नाहीत, वाक्य अर्ध्यात तुटतं, शर्टाची बटणं मी लावते. एक गोष्ट तेवढी डोक्यात पक्की राहिलीय: दारात कुणीही आलं की आधी पाणी. मीटर बघायला वीजवाला आला तरी पाणी, कुणी चुकून आमची बेल वाजवली तरी पाणी. परवा एका सेल्समनला पेल्यावर पेले पाजले. बिचारा परत फिरकला नाही, तेवढाच फायदा.

पण मला पोखरत होती ती वेगळीच गोष्ट. ते मागचं दार कुणी तोडलेलं नव्हतं. आतून उघडलेलं होतं. खटल्यात ठेकेदार तोंड शिवून बसला आणि ह्यांना काही आठवेना. मग काय, लोकांच्या जिभा सुटल्या. पहारेकऱ्यानं पैसे खाल्ले, जमावाला आत घेतलं आणि वाटणीवरून मार खाल्ला! वरच्या मजल्यावरची बाई तर हे माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिला असं काही सुनावलं की अजून ती जिन्यात दिसली की भिंतीला चिकटून जाते. पण खोटं कशाला बोलू? दार का उघडलं, ते मलाही माहीत नव्हतं.

म्हणून मी ठेकेदारावर दिवाणी दावा लावला. माफीनं शिक्षा जाते, भरपाई मागायचा आपला हक्क जात नाही, असं वकीलबाईंनी समजावलं.

"आणि आणखी एक," त्या म्हणाल्या. "तुरुंगाची भीती होती तोवर त्याला गप्प बसायची मुभा होती. माफीनं ती भीतीच काढून घेतली. आता कोर्टानं विचारलं की बोलावं लागेल."

मला तेवढंच हवं होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी दीर घरी आले. "वहिनी, ते लोक तडजोडीला तयार आहेत. रक्कम चांगली देतायत. फक्त त्याला उभं करून प्रश्न विचारायचे नाहीत, एवढीच अट."

"का बरं? जीभ झिजेल त्याची?"

"थट्टा नको. दादाच्या औषधांना पैसा लागतो."

"भाऊजी, खरं सांगा. औषधांचीच काळजी आहे ना?"

ते हळूच म्हणाले, "आणि दादाला पैसे दिले होते, असं तो म्हणाला तर? कुठं तोंड दाखवायचं? आत्ता निदान कुणाला नक्की माहीत तर नाही."

हे शेजारीच बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला भावापुढे सरकवला. दीर चुकीचं बोलत नव्हते, तोच तर ताप होता.

"विचारायचंच," मी म्हणाले. "शेण खाल्लं असेल तर तेही मला कळू दे."

दुसऱ्या दिवशी ठेकेदार साक्षीला उभा राहिला. शर्टाची इस्त्री झकास होती मेल्याची. त्याच्या वकिलानं हरकत घेऊन बघितली, पण न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या.

"दार कोणी उघडलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"पहारेकऱ्यानं."

दिरांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही त्याला पैसे दिले होते?"

"छे. कसले पैसे?"

"मग त्यानं दार का उघडलं?"

ठेकेदारानं आपल्या वकिलाकडे बघितलं. वकील कागद चाळत होता. "मी दार ठोकलं. ओरडलो, गर्दीत एक बाई चेंगरलीय, तिला पाणी द्या म्हणून. त्यानं उघडलं. हातात बाटली होती त्याच्या."

"अशी कुणी बाई होती?"

"नव्हती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मारलं."

दीर हुंदके देऊन रडायला लागले. असं काही ऐकायला मिळालं तर माझा ऊर भरून येईल, असं मला वाटलं होतं. आलाही. पण त्याच्या आधी राग आला, आणि तो ह्यांचा आला. अहो, बाहेर जमाव पेटलाय, आणि तुम्ही पाणी घेऊन दार उघडता? घरी बायको आहे, एवढंही मनात आलं नाही?

ठेकेदाराचा घसा कोरडा पडला होता. त्याला खोकल्याची उबळ आली, थांबेचना. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेले हे उठले. माझ्या पिशवीतली बाटली त्यांनी काढली, झाकण स्वतः उघडलं आणि त्याच्याकडे निघाले. मी मनगट धरलं.

"अगं," हे म्हणाले, "त्याला पाणी हवंय."

कितीतरी महिन्यांनी पुरं वाक्य बोलले होते. ठेकेदार खोकत होता आणि आमच्याकडे बघायचं टाळत होता. मी मनगट सोडलं नाही. बाटली काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत ठेवली. हे माझ्याकडे बघत राहिले, मी कुणी परकी बाई असल्यासारखे. मग मुकाट्यानं खाली बसले.