किड्यांच्या घरात मांजर

वसंत आला की मुहय्यो आणि तिची सासू होसियत स्वतःच्याच घरातून बाहेर पडायच्या आणि रेशमाचे किडे आत राहायला यायचे. वरून हुकूम सुटायचा, गावचा रईस, म्हणजे कारभारी, ताशतेमिर अंड्यांची पेटी उंबऱ्यावर ठेवून जायचा, आणि महिनाभर दोन्ही खोल्या अळ्यांच्या. माणसं अंगणातल्या रुंद बाजेवर, रजया पांघरून. फरगान्याच्या खोऱ्यात याला कुणी जुलूम म्हणत नाही. परंपरा म्हणतात. परंपरा म्हटलं की मेहनतीचा मोबदला विचारायची सोय राहत नाही.

त्या वर्षी रईसानं पेटीसोबत धमकीही ठेवली. गेल्या साली तुमचे कोष कमी भरले, यंदा कमी भरले तर कालव्यापलीकडची पट्टी दुसऱ्याला देईन, म्हणाला. त्या पट्टीत मुहय्यो टोमॅटो आणि गाजरं काढायची. नवरा कोझिम तीन वर्षं रशियात दुसऱ्यांची घरं बांधत होता. त्याचा फोन यायचा तेव्हा यायचा. घर सासूचं, किडे सरकारचे. मुहय्योचं म्हणावं असं जगात काही असेल तर ती पट्टी.

अळ्या कात टाकायच्या चौथ्या झोपेतून उठल्या आणि खादाडपणावर आल्या. दिवसातून पाच वेळा तुतीच्या फांद्या घालाव्या लागायच्या. गोठ्यात वीस गुरं कडबा चघळताहेत असा आवाज रात्रंदिवस. आणि नेमके तेव्हाच उंदीर लागले. बोटाएवढ्या, गुबगुबीत अळ्या अर्ध्या खाऊन भिंतीकडेला टाकलेल्या. औषध ठेवायची सोय नाही. त्याचा वास पानाला लागला तर उंदराआधी अळ्या मरतात. सापळे लावले, त्यांत अळ्याच सापडल्या.

मांजरी आली ती तुतीच्या फांद्यांच्या ट्रॉलीतून. तांबूस, एक कान फाटलेला, अंगात मांस नाही पण डोळ्यांत माज. मुहय्योनं शोरब्यात बुडवलेला नानचा तुकडा टाकला. मांजरीनं तो गिळला आणि सरळ किड्यांच्या दारासमोर जाऊन बसली.

होसियतनं हात आडवा धरला. किड्यांच्या दिवसांत बाहेरचं कुणी उंबरा ओलांडत नाही. सख्खी बहीण आली तरी तिला अंगणातूनच चहा पाजून वाटेला लावायचं. बाहेरच्याची नजर लागली की अळ्या काळ्या पडतात, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. आणि हे मांजर तर कुणाकुणाच्या दारात बसून, कुणाकुणाची नजर अंगावर घेऊन आलेलं. मुहय्यो म्हणाली, उंदीर तरी कुणाला विचारून आत आले? सासू म्हणाली, उंदीर घरचे आहेत.

दोन दिवस हीच हुज्जत. तिसऱ्या सकाळी भिंतीकडेला सुपलीभर अर्ध्या अळ्या निघाल्या, तेव्हा म्हातारी नरमली. पण तिच्या पद्धतीनं. कोझिम तान्हा असताना त्याच्या मनगटाला बांधलेली नजरेच्या मण्यांची माळ तिनं आपल्या कपड्यांच्या पेटीतून काढली. काळे मणी, त्यांवर पांढरे ठिपके, मधे चांदीच्या दोन चकत्या. मांजरीच्या गळ्यात ती बांधली, तीनदा फुंकर घातली आणि मगच दार उघडलं. मुहय्योनं मांजरीला धरून ठेवायला मदत केली.

पुढच्या दोन सकाळी जास्तच अळ्या गेल्या. मांजरीच्या तोंडाला एक शेपूटही लागलं नाही.

"वाघाची मावशी म्हणून आणलीस," होसियत म्हणाली, "उंदरांची आत्या निघाली. जेवते, झोपते, पाहुण्यांची सोय बघते."

मांजरीला मानगुटीला धरून तिनं फाटकाबाहेर टाकलं. रस्त्यावर कुत्री होतीच. भुंकणं ऐकून मुहय्यो फांद्या टाकून धावली आणि मांजरीला उचलून आणलं. तिच्या दंडावर चार ओरखडे उमटले. आजची दुपार द्या, ती सासूला म्हणाली, मी स्वतः आत बसते. आणि दार लावून ती मांजरीसकट किड्यांमधे बसली.

किड्यांसाठी पेटवलेल्या चुलीच्या उबेनं घाम निथळत होता. बऱ्याच वेळानं भिंतीच्या फटीतून एक उंदीर निघाला, निवांत, जावयासारखा. मांजरीनं पोट जमिनीला टेकवलं, दबा धरला आणि झेप घेतली. झेपेआधीच गळ्यातल्या चकत्या छुन्न वाजल्या. उंदीर फटीत. दुसरा आला, पुन्हा छुन्न. तिसऱ्या खेपेला मुहय्योला हसू फुटलं, आणि हसता हसता स्वतःचाच संताप आला. माळ बांधताना आपणच तर मांजर धरलं होतं. त्या घरात म्हातारी काही बांधायला लागली की धरून ठेवायची सवयच तिला लागली होती.

फांद्या छाटायच्या सुरीनं तिनं दोरा कापला.

हसणं ऐकून होसियतनं दार ढकललं. सुनेच्या हातातले मणी बघून तिचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्या लेकाचे आहेत, आणि तू नागडं मांजर किड्यांपुढे सोडतेस?

मुहय्योनं आवाज चढवला नाही. सासूला ती आया, म्हणजे आई, म्हणायची. "आया, नजर लागून मेलेली एक अळी मला दाखवा. उंदरांनी खाल्लेल्या मी सुपलीभर दाखवते."

म्हातारी भिंतीकडेला वाकली. अर्ध्या अळ्या तिनं बोटानं उलटून पाहिल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "कोष उतरेपर्यंत राहू दे. मग मात्र बाहेर." मणी तिनं सुनेच्या हातातून घेतले आणि पेटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर तीन उंदीर ओळीनं पडलेले. आठवड्यात उंदीर संपले. अळ्यांनी खाणं सोडलं, वाळक्या झुडपांवर चढल्या आणि तोंडातून धागा काढत स्वतःला गुंडाळून घेतलं. खोली एकाएकी गप्प झाली. झुडपं पांढरीशुभ्र लगडली. तेव्हा दोघी जावा-बहिणींसारख्या शेजारी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

कोष भरपूर भरले. रईस ताशतेमिरला खोट काढता आली नाही, म्हणून त्यानं शाबासकी दिली. पट्टी तुमच्याकडेच राहील, म्हणाला, आणि हात इतका चांगला आहे तर पुढल्या साली दोन पेट्या. इथे बैल चांगला चालला की त्याच्यावर दुसरं जू ठेवतात.

 पट्टी आत्ताच वाचली होती.

"एकच, ताशतेमिर-अका," मुहय्यो म्हणाली. "आणि तीही एका खोलीत. दुसरीत आम्ही राहणार."

"दोन बायकांना खोली कशाला? बाजेवर हवा चांगली."

तो होसियतकडे वळला. सुनेला गप्प करायचं काम सासवांचं, या भरवशावर गावंच्या गावं चालतात. होसियत रजया झटकत होती. तिनं वर बघितलं नाही.

"मांजरी गाभण आहे," ती म्हणाली. "तुला काय दिसणार, तुला कोषच दिसतात. पुढल्या वसंतातही असेल, तिला उबेची खोली लागेल. बाळंतिणीला मी बाजेवर टाकत नसते, मग ती सून असो की मांजर."

रईस हसला. दुसरं कुणी हसलं नाही, म्हणून थांबला. एक तर एक, असं काहीसं पुटपुटत फाटकाकडे गेला.

मुहय्यो सासूकडे बघतच राहिली. कोष उतरले की बाहेर, असं ठरलं होतं.

"बघत काय बसलीस," होसियत म्हणाली. "रजईचं दुसरं टोक धर. आणि कोपऱ्यातली जागा सोड, तिथे ती झोपते."