मी करकरले की बॅगा उचलल्या जायच्या

जुनी खुर्ची दिसली की माणसं आधी तिला हाताने दाबून बघतात आणि मगच बसतात. मित्रांनो, मला दाबलंत तर मी करकरणार, हे आधीच सांगून ठेवते. पाठीला काळं रेक्झिन, हातांना लाकूड आणि खाली पाच चाकं असं माझं रूप आहे. त्यातलं एक चाक माझं नाही, कुठल्यातरी दुसऱ्या खुर्चीचं आहे. तरीही एके काळी आठवड्यातून एकदा अख्खा देश माझ्याकडे बघत असे. मी जन्माने फिरती खुर्ची, तेव्हा माझं डोकं थोडं फिरलं तर नवल नाही.

कोरियाच्या सोल शहरातल्या एका छत्र्या बनवणाऱ्या कंपनीने मला विकत घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, विभागप्रमुखांच्या टेबलामागे ठेवलं. ते विभागप्रमुख म्हणजे मिन साहेब. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. ऑफिसात आल्या आल्या बूट काढून सपाता घालायचे, कोट माझ्या पाठीवर अडकवायचे आणि माझ्यावर बसायचे ते पार अंधार पडेपर्यंत. एकोणीस वर्षं मी त्यांना सांभाळलं. दुसऱ्याच वर्षी माझा खालचा एक स्क्रू सैल झाला आणि तेव्हापासून मी करकरू लागले. दरवर्षी मिन साहेब म्हणायचे, हिला एकदा दुरुस्त करून घ्यायला हवी. दरवर्षी ते राहून जायचं.

मग तो हिवाळा आला ज्यात कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. आमचीही पडली. मिन साहेबांनी कप, सपाता आणि डायरी एका खोक्यात भरली. मला जिन्याखाली भंगारात ठेवलं गेलं. वडिलांना न्यायला त्यांची मुलगी यन-जू टॅक्सी घेऊन आली होती. तिने मला पाहिलं आणि ड्रायव्हरला डिकी उघडायला लावली.

"हे भंगार कशाला घेतेस?" मिन साहेबांनी विचारलं.

"मला हवंय बाबा," ती म्हणाली. माझी चाकं डिकीबाहेर लोंबत होती, आणि मला त्या क्षणी ती मुलगी फार आवडली.

यन-जू टीव्हीसाठी लिहायची. तिने एक विनोदी मालिका लिहायला घेतली होती: छत्रीच्या कंपनीतलं एक ऑफिस, तिथली सहा माणसं आणि त्यांचे विभागप्रमुख ग्वोन साहेब. मला तिने स्टुडिओत आणून त्या खोट्या ऑफिसात खिडकीशी ठेवलं. खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ होतं. ग्वोन साहेबांचं काम करायला बांग दो-सिक नावाचे नट आले. आयुष्यभर नाटकात नोकर आणि पोलीस झालेला पन्नाशीचा माणूस. ते पहिल्यांदा माझ्यावर बसले तेव्हा म्हणाले, "वा, ही तर बसल्या जागी बोलते!"

यन-जूच्या मनात एकच गोष्ट होती. आपल्या वडिलांनी ही मालिका एकदा तरी बघावी आणि बघून हसावं. पण मालिकेची वेळ झाली की मिन साहेब टीव्ही बंद करायचे. हे मला कळलं, कारण सामानाची देखभाल करणाऱ्या, चे आडनावाच्या काकांना ती रोज काहीतरी सांगत असे. "काका, बाबा रोज सकाळी टाय लावून घरामागच्या डोंगरावर जातात," ती म्हणाली होती. "कामाला निघाल्यासारखे. आणि मला म्हणतात, एकोणीस वर्षं काढली मी तिथे, आता तू त्याचं हसं करणार का?" चे काकांनी तिच्या हातात बार्लीचा चहा दिला. दुसरं काय देणार?

आता तुम्हाला मल-सुन मावशींबद्दल सांगायला हवं. सेटच्या समोर पायऱ्या होत्या आणि त्यांवर तीस बायका बसत. त्या रोजावर हसायला यायच्या. फ्लोअर मॅनेजरने हातातली कागदांची गुंडाळी गरगर फिरवली की खो-खो हसायचं, खाली आणली की थांबायचं. त्यांच्या पुढारी मल-सुन मावशी. त्यांना आश्चर्याचं 'अगंबाई' तीन प्रकारे म्हणता येत असे. कामात इतक्या पक्क्या की दाढ दुखत असतानाही वेळेवर हसायच्या.

तिसऱ्या भागात असा प्रसंग होता की मि-रान नावाची नवी कारकून टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असते. ग्वोन साहेब येतात, तिला बघतात, आणि तिची झोप मोडू नये म्हणून श्वास रोखून, इंचाइंचाने माझ्यावर बसतात. मी करकरलेच. दो-सिकनी असे डोळे मिटून घेतले की जणू त्यांच्याच पाठीचं हाड मोडलं. गुंडाळी अजून हललीही नव्हती, तोवर मल-सुन मावशींना हसू फुटलं. पदर नसल्यामुळे त्यांनी हातमोजा तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक प्यो साहेब टाळी वाजवत आले. "खुर्ची! खुर्चीने बाजी मारली! आता प्रत्येक भागात खुर्ची वाजलीच पाहिजे!"

आणि मित्रांनो, मी वाजले. प्रत्येक भागात, मग प्रत्येक प्रसंगात. चे काकांना माझे आणखी दोन स्क्रू सैल करायला लावले, तेल पुसायला लावलं, शेवटी सांध्यात वाळू घालायला लावली. मला दुखत होतं, पण मी फुशारले होते. लोक मलाच बघायला येतात अशी माझी खात्री झाली होती.

लोक मात्र यायचे थांबले. दहाव्या भागानंतर बघणारे निम्म्यावर आले. वरून निरोप आला की अजून तीन भाग बघू, नाही जमलं तर या वेळेला गाण्यांची स्पर्धा. प्यो साहेब केस ओढत फिरू लागले. "स्टुडिओत तर छप्पर उडेल इतकं हसतात! मग घरचे लोक का हसत नाहीत?" स्टुडिओतलं हसू तर त्यांच्याच माणसाच्या गुंडाळीतून निघत होतं. इतकी वर्षं तो हात हलत आला होता की त्याकडे बघायचं कुणाला सुचतच नव्हतं.

एका दुपारी जेवणाच्या सुटीत यन-जू माझ्यावर बसून डब्यातला, शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात चघळत होती. मल-सुन मावशी खाली उतरून आल्या आणि शेजारच्या टेबलावरच बसल्या.

"लेखिकाबाई, खरं बोलू? तुमच्या खुर्चीला आम्ही हसतो ते पोटासाठी. पोटातून नाही."

"पण तिसऱ्या भागात तुम्ही आधीच हसला होतात मावशी."

"ते खुर्चीला थोडंच? तो बिचारा पोरीची झोप मोडू नये म्हणून मरत होता, त्याला हसले. माझा नवरा असाच. मी झोपले की चोरासारखा चालतो आणि नेमका बादलीत पाय घालतो." मावशींनी तिच्या डब्यातला मुळा उचलला. "आता तुमची खुर्ची नुसतीच वाजते. ती वाजली तर कुणाचं काय बिघडतं, सांगा बघू?"

यन-जूने डबा मावशींकडे सरकवला. मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

"ज्याची खुर्ची आहे त्यालाच विचारा की," मावशी म्हणाल्या आणि दुसरा मुळा उचलला.

वडिलांना शूटिंग बघायला बोलावलं असतं तर ते आलेच नसते. यन-जूने हुशारी केली. तिने फोन लावला आणि म्हणाली, "बाबा, खुर्ची पार खिळखिळी झालीय. इथे कुणालाच जमत नाहीये." दुसऱ्या दिवशी सकाळी मिन साहेब टाय लावून, खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुडिओत हजर झाले. त्यांनी मला उलटं केलं. वाळू भुरभुर खाली पडली.

"कुणी केलं हे?" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

चे काका दुसरीकडे बघू लागले. "वाजावी म्हणून, साहेब," यन-जू म्हणाली. "वाजली की लोक हसतील असं वाटलं होतं."

"वाजली की हसतील?" मिन साहेब वाळू पुसत म्हणाले. "आमच्याकडे तर कुणी हसत नसे. वाजली की सगळे बॅगा उचलायचे."

"बॅगा?"

"मग काय! मी उठल्याशिवाय घरी कोण जाणार? सहा वाजले की सगळ्यांचे कान हिच्याकडे. मी पाठ खाजवायला जरा वाकलो की ही वाजायची, की अकरा जणांनी बॅगा उचलल्याच. मी पुन्हा टेकलो की अकराच्या अकरा बॅगा खाली. मला ते दिसायचं. म्हणून मग मी हलायचोच नाही. पाठ खाजली तरी."

दो-सिक कागदी कपातली कॉफी पीत मागे येऊन उभे होते. "पण साहेब, तुम्हाला घरी जायचं नसायचं?"

"नसायचं कसं? सहाला माझी कंबर भरून यायची. पण वर संचालकांच्या खोलीत दिवा असायचा ना. त्यांच्या आधी मी कसा निघणार?"

"आणि संचालक काय करायचे वर?"

मिन साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "ते निरोपाच्या जेवणात कळलं. ते वरून आमचा दिवा बघत बसायचे. म्हणाले, खाली एवढी माणसं काम करताहेत, मी कुठल्या तोंडाने घरी जाऊ?"

दो-सिकची कॉफी शर्टावर सांडली. ते हसत हसत जमिनीवरच बसले. मिन साहेब गोंधळून मुलीकडे बघू लागले. "यात हसण्यासारखं काय आहे?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. त्यावर चे काकांनाही हसू आवरेना.

यन-जूने दोन दिवसांत नवा भाग लिहिला. त्यात काहीच घडत नव्हतं. संध्याकाळचे सहा वाजतात आणि सगळ्यांना घरी जायचं असतं, एवढंच. प्यो साहेबांनी पानं उलटली. "खुर्ची दोनदाच वाजते?"

"दोनदाच. आणि गुंडाळी फिरवायची नाही."

"मग त्या हसणार कधी?"

"हसू आलं तर."

प्यो साहेबांनी कपाळाला हात लावला, पण तीन भागांतले दोन संपले होते आणि त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मल-सुन मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आज सुटीच की!"

शूटिंग दुपारी झालं. दो-सिक माझ्यावर टेकले. माझे स्क्रू मिन साहेबांनी आवळले होते, फक्त तो एक जुना स्क्रू होता तसा ठेवून. पहिली दोन मिनिटं पायऱ्यांवरून जराही आवाज नाही. मला वाटलं, संपलं. दो-सिकच्या पाठीला खाज सुटली होती आणि ते हलत नव्हते. त्यांची नजर टेबलावरच्या लांब पट्टीवर गेली, मग सहा जणांवर, मग पुन्हा पट्टीवर. इकडे मि-रानची बोटं बॅगेच्या पट्ट्याकडे सरकत होती. तिसऱ्या रांगेतून नाकातून निसटलेलं एक हसू आलं. मल-सुन मावशी. मग दुसरी कुणी. राहवेना म्हणून दो-सिक जरासे वाकले आणि मी करकरले. सहा बॅगा वर. दो-सिक जागच्या जागी थिजले. सहा बॅगा हळूहळू खाली. आणि मग त्या तीस बायका अशा हसल्या की कॅमेरावाल्याचा खांदा हलू लागला आणि त्याला तो दुसऱ्या हाताने दाबून धरावा लागला.

यन-जू त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती पडद्याआड उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे बघत होती. ते हसत नव्हते. त्यांचे डोळे मि-रानच्या बॅगेवर खिळले होते. "ती पोरं खरंच फार दमायची गं," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. यन-जूचा चेहरा उतरला. आपण पुन्हा त्यांना दुखावलं, असं तिला वाटलं असणार.

शूटिंग संपलं, पण कुणी हललं नाही. प्यो साहेब अजून उभे होते ना. ते निघाल्याशिवाय दिवेवालेही दिवे आवरत नसत. तेवढ्यात दो-सिक उठले, मिन साहेबांना हाताला धरून आणलं आणि म्हणाले, "बसा साहेब. जागा तुमची आहे."

मिन साहेब माझ्यावर बसले. किती महिन्यांनी! मी न सांगता करकरले. आणि त्याच क्षणी सहाही नटांनी बॅगा उचलल्या. मागून मल-सुन मावशींच्या तीस बायकांनी पर्सा उचलल्या. चे काकांनी हातोडा उचलला, आणि प्यो साहेबांनी गडबडून आपली टोपी.

मिन साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मग ते हसले. सुरुवातीला बेतानेच, तोंडावर हात धरून. मग हात गळून पडला आणि ते पोट धरून हसू लागले, आणि मी त्यांच्याबरोबर करकरत राहिले. यन-जू एकाच वेळी रडत आणि हसत होती. "जा रे पोरांनो," मिन साहेब डोळे पुसत म्हणाले. एकोणीस वर्षं त्यांना हे कुणाला म्हणता आलं नव्हतं. "जा घरी. माझी वाट बघू नका."

कुणीही गेलं नाही.

मालिका पुढे चार वर्षं चालली. काही आठवड्यांत मी एकदाही वाजले नाही आणि तरी लोक हसत. मला त्याचं वाईट वाटणं बंद झालं होतं. ती सहा माणसं आता बघणाऱ्यांच्या ओळखीची झाली होती. कुणाला काय हवंय आणि ते मागायला कोण लाजतंय, हे घरोघरी ठाऊक होतं, मग साधा फोन वाजला तरी हसू यायचं. त्यातलं कुणीही विनोद करायला जात नसे. दर मंगळवारी मिन साहेब पिशवीभर तेंडूफळं घेऊन येत आणि मावशींच्या तीस बायकांत एकटे पुरुष म्हणून तिसऱ्या रांगेत बसत. मावशी त्यांना म्हणायच्या, "साहेब, तुम्ही चुकीच्या जागी फार छान हसता."

आता मी स्टुडिओच्या गोदामात असते. मिन साहेब नाहीत, चे काकाही नाहीत. माझ्या पायाला नंबराची चिठ्ठी बांधलेली आहे. नवीन मालिकांची माणसं येतात, मला दाबून बघतात, "ही वाजते," म्हणतात आणि पुढच्या खुर्चीकडे जातात. मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, आणि कदाचित एखादं माणूसही, जे फक्त वाजतं म्हणून कोपऱ्यात गेलं आहे. त्याला तेल जरूर घाला. पण घालण्याआधी जरा थांबून बघा.

गेल्या आठवड्यात एक तरुण लेखिका आली. तिला एका पोस्ट ऑफिसची मालिका लिहायची आहे. तिने मला दाबलं, मी करकरले. ती हसली नाही. माझ्या हातांवरचं झिजलेलं लाकूड तिने बोटाने चाचपलं आणि गोदामवाल्याला विचारलं,

"काका, हिच्यावर कोण बसायचं?"

तेव्हा मला कळलं की ही मालिका चालणार.